पाच मापे तांदूळ आणि त्यानंतर : ताओ युआनमिंगच्या काव्यातील परतणे

इसवी सन ४०५ च्या हिवाळ्यात, चीनमधील पूर्व चिन राजवटीच्या उतरत्या काळात, फंगत्से नावाच्या एका लहान तालुक्याच्या अधिकाऱ्याने आपली मुद्रा खाली ठेवली आणि तो घरी निघून गेला. त्याचा अधिकार आपल्याकडील जुन्या मामलेदाराएवढा. नोकरी केवळ ऐंशीहून थोडे अधिक दिवस झालेली. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने या घटनेला यत्किंचितही महत्त्व नाही. परंतु तो अधिकारी ताओ युआनमिंग होता. त्यानंतर सुमारे बावीस वर्षे, म्हणजे ४२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो लूशान पर्वताच्या पायथ्याशी, आजच्या च्यांगशी प्रांतातील च्यूच्यांग शहराच्या परिसरात शेती करून राहिला आणि कविता लिहीत राहिला. चिनी वाङ्मयात नोकरी सोडून घरी परतण्याला जो एक स्थायी अर्थ प्राप्त झाला आहे तो या एका राजीनाम्यामुळे. पुढील दीड हजार वर्षांत ज्या ज्या चिनी अधिकाऱ्याच्या मनात कंटाळून गावी जाण्याचा विचार आला, त्याने प्रथम ताओचे स्मरण केले. त्यांपैकी बहुतेक जण गेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या राजीनाम्याचे कारण काय, या प्रश्नाला मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. चरित्रकारांनी एक कारण सांगितले आहे, कवीने स्वतः गद्यात दुसरे सांगितले आहे, आणि त्याच्या काव्याच्या ओघातून तिसरेच प्रतीत होते. ताओच्या काव्याचे मूल्यमापन यांपैकी कोणत्या कारणाला प्रमाण मानले जाते यावर पुष्कळसे अवलंबून राहिले आहे.

चरित्रकारांची हकीकत सर्वपरिचित आहे. शेन युए याने ४८८ मध्ये पूर्ण केलेल्या सुंग राजवंशाच्या इतिहासात ती येते, आणि लिआंग घराण्याचा युवराज शिआओ थोंग (५०१–५३१), ज्याने ताओच्या रचना संकलित केल्या, त्यानेही ती सांगितली आहे. वरिष्ठ कचेरीतून एक तपासनीस फंगत्सेला येतो. कारकून सांगतात की, साहेबांनी कमरपट्टा बांधून, रीतसर पोशाखात त्याला सामोरे गेले पाहिजे. ताओ उसासा टाकतो आणि उत्तरतो की, पाच मापे तांदळासाठी आपण एका गावंढळ पोराच्या पुढे कंबर वाकवणार नाही. त्याच दिवशी तो मुद्रा सोडून चालता होतो. हकीकत इतकी नेटकी आहे की ती खरी असावी असे वाटू लागते. पाच मापे तांदूळ हा चिनी भाषेत तुटपुंज्या पगाराचा वाचक शब्दच होऊन बसला.

याच चरित्रांत आणखी एक गोष्ट आहे. अधिकाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी जमिनीत सर्वत्र मद्यासाठी लागणारे चिकट धान्य पेरावे असा ताओने हुकूम सोडला, आणि बायकोने हट्ट धरल्यावर थोडा भाग खाण्याच्या तांदळासाठी राखला. गोष्ट मोठी गोड आहे. फक्त ज्याची कारकीर्द भर शरदात सुरू होऊन हिवाळ्यात संपली त्याने पेरले केव्हा आणि कापले केव्हा, हा प्रश्न उरतो. त्या शेतातला एक दाणाही ताओच्या तोंडी गेला नसणार, हे जुन्या चिनी अभ्यासकांच्याही नजरेतून सुटलेले नाही. चरित्रकाराला मानी मनुष्य आणि मद्यप्रेमी मनुष्य अशी दोन चित्रे हवी होती. त्याने ती रंगवली.

आता कवीचे स्वतःचे निवेदन. ‘परतू या’ या त्याच्या प्रसिद्ध दीर्घ रचनेला एक लहानशी गद्य प्रस्तावना आहे. तिच्यात तपासनिसाचा उल्लेख नाही. ताओ सांगतो की, घरची गरिबी होती, शेतीवर भागत नव्हते, घरात मुले पुष्कळ आणि रांजणात धान्य नाही. आप्तांनी नोकरीचा आग्रह धरला. एका चुलत्याने खटपट करून हे लहानसे पद मिळवून दिले. फंगत्से घरापासून शंभर लीवर, म्हणजे फार दूर नव्हते, आणि तेथील सरकारी शेताचे उत्पन्न मद्याला पुरेल इतके होते, म्हणून त्याने ते पसंत केले. थोड्याच दिवसांत घरची ओढ लागली. आपला स्वभाव घडवून बदलण्यासारखा नाही. भूक आणि थंडी कितीही बोचली तरी स्वतःविरुद्ध वागल्याने होणारी व्याधी त्याहून अधिक, असे त्याला जाणवले. तरीसुद्धा एक वर्षाचे पीक पदरात पडेपर्यंत थांबावे आणि मग रातोरात कपडे बांधून निघावे, असा त्याचा बेत होता. इतक्यात वूछांग येथे त्याची बहीण वारल्याची बातमी आली, आणि तेथे पोचण्याच्या घाईत त्याने पद सोडले.

या प्रस्तावनेतील प्रामाणिकपणा चरित्रकारांच्या हकीकतीहून कितीतरी वरच्या पायरीचा आहे. मानी मनुष्य पिकासाठी थांबण्याचा बेत करीत नाही. केलाच तर तो लिहून ठेवीत नाही. ताओने तो लिहून ठेवला. स्वाभिमानाच्या दंतकथेला खोडून काढणारा सर्वांत भक्कम पुरावा स्वतः कवीनेच पुरवला आहे, आणि तरीही परंपरेने दंतकथाच उचलली.

बहिणीच्या मृत्यूचे कारणही मात्र सरळ नाही. ती त्याची सावत्र बहीण. पिता एक, माता वेगळ्या. तिच्याविषयीचे त्याचे दुःख खरे होते यात शंका नाही. ४०७ च्या उन्हाळ्यात, सुतकाचा काळ संपताना, तिच्यासाठी लिहिलेले त्याचे शोकगद्य उपलब्ध आहे आणि त्यात लहानपणी दोघे मातृसुखाला मुकल्याची आठवण आहे. परंतु ज्या रचनेच्या प्रस्तावनेत ती बहीण येते त्या रचनेत तिचा मागमूस नाही. ‘परतू या’मधील माणूस वूछांगला जात नाही, तो हलक्या नावेतून, वाऱ्यावर फडफडणारी वस्त्रे घेऊन, पहाट अजून अंधूक आहे म्हणून अधीर होत सरळ घरी जातो. घर दिसताच धावत सुटतो. नोकर सामोरे येतात, मुले दारात उभी असतात, अंगणातल्या वाटा गवताने माखलेल्या पण देवदार आणि शेवंती टिकून असतात, आणि घरात मद्याचे भांडे भरलेले असते. शोकाला या रचनेत जागा कोठे आहे?

हा विसंवाद एका अधिक मूलगामी प्रश्नाकडे नेतो. प्रस्तावनेखाली त्या वर्षाच्या अकराव्या महिन्याची नोंद आहे, म्हणजे ऐन हिवाळा. रचनेत मात्र वसंत आलेला आहे. शेतकरी येऊन सांगतो की, आता पश्चिमेकडच्या शेतात कामाला लागले पाहिजे. झाडे तरारली आहेत, झरे वाहू लागले आहेत. तेराव्या शतकातील टीकाकार वांग रुओश्यू (११७४–१२४३) याने या ठिकाणी दोष दाखवला होता. रचना जर परतण्यापूर्वीची असेल तर परतल्यानंतरच्या गोष्टी कल्पनेच्या रीतीने सांगावयास हव्या होत्या; येथे त्या घडून गेल्याप्रमाणे सांगितल्या आहेत, असा त्याचा आक्षेप. आक्षेप व्याकरणाच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि काव्याच्या दृष्टीने निरर्थक. विसाव्या शतकात छ्येन चुंगशू (१९१०–१९९८) याने याच ठिकाणी रचनेचे मर्म पाहिले : जे अजून घडलेले नाही ते घडल्यासारखे डोळ्यांसमोर आणणे, हीच येथील कल्पनाशक्तीची करामत.

छ्येनचे म्हणणे मान्य केले की एक पाऊल पुढे जाणे भाग पडते. ‘परतू या’ ही परतल्याची कविता नव्हे. ती कचेरीत बसलेल्या माणसाने पाहिलेल्या परतण्याची कविता आहे. तिच्यातील घर हे फंगत्सेहून दिसणारे घर आहे. म्हणूनच त्यात मद्याचे भांडे भरलेले आहे. त्याच मनुष्याने त्याच प्रस्तावनेत रांजण रिकामा असल्याचे सांगितले होते! टीकाकारांनी या रचनेला ताओच्या जीवनाचा निष्कर्ष मानले, येथेच चूक झाली. ती प्रारंभ आहे, आणि प्रारंभाला साजेल इतकी ती आशावादी आहे. पुढची वीस वर्षे कवी तिच्यातील एकेक विधान तपासून पाहत होता, असे त्याच्या उर्वरित काव्याकडे पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

‘शेतावर परतून राहताना’ या पाच कवितांच्या मालेत, जी सामान्यतः ४०६ ची मानली जाते, ही तपासणी सुरू होते. पहिल्या कवितेत दहाएक मू जमिनीचा घराभोवतीचा तुकडा, आठ-नऊ गवती खोल्या, मागे छाया धरणारी झाडे, गल्लीत भुंकणारे कुत्रे आणि तुतीच्या शेंड्यावर आरवणारा कोंबडा असा घराचा मांडणुकीसारखा तपशील आहे. कवी येथे जणू घराची मोजदाद करतो. याच कवितेत, आपण धुळीच्या जाळ्यात सापडून तीस वर्षे गेली, असे विधान आहे. पाठचिकित्सकांना हे ‘तीस’ खटकते. ताओची पहिली नोकरी ३९३ मधली, प्रांताच्या कचेरीतील. ती त्याने थोड्याच दिवसांत सोडली. पुढे हुआन शुआन या सेनानीच्या पदरी तो होता. ४०१ मध्ये आईच्या मृत्यूमुळे घरी आला. ४०४ मध्ये ल्यू यू याच्या सैन्यात सल्लागार झाला. ४०५ मध्ये आणखी एका सेनानीकडे आणि शेवटी फंगत्सेला. ३९३ ते ४०५ ही वर्षे मोजली की तेरा भरतात. चिनी लिपीत तीस आणि तेरा यांत केवळ अक्षरांच्या क्रमाचा फरक, तेव्हा लेखनिकाची उलटापालट संभवनीय आहे. बहुतेक भाष्यकार ‘तेरा’कडे झुकतात. ‘तेरा’ हा पाठ घेतला तरी एक गोष्ट विसरता येत नाही, ती ही की, या तेरा वर्षांत ताओ सतत नोकरीत नव्हताच. तो आत-बाहेर करीत होता. जो मनुष्य एकदा जातो त्याच्याविषयी दंतकथा रचता येते. जो पाच वेळा येतो-जातो त्याच्याविषयी रचणे अवघड, म्हणून परंपरेने आधीच्या चार वेळा झाकून ठेवल्या.

मालेतील दुसऱ्या कवितेत शेजाऱ्यांशी बोलणे होते ते फक्त तुती आणि ताग किती वाढले एवढेच, आणि मनात भीती असते की, गारठा पडून सारे पीक जाईल. तिसऱ्यात दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याशी पेरलेला घेवडा आहे. तण माजले आहे आणि घेवडा विरळ आला आहे. पहाटे उठून खुरपायला जायचे आणि चंद्रप्रकाशात कुदळ खांद्यावर टाकून परत यायचे. या कवितेला ‘निसर्गकविता’ म्हणण्याचा मोह टीकेला नेहमी होतो. शेतकऱ्याच्या घरातला विद्यार्थी मात्र प्रथम हे लक्षात घेईल की, या माणसाला घेवडा नीट लावता आलेला नाही. कवीने ते लपवलेले नाही. कपडे दवाने भिजले तर भिजोत, मनातली इच्छा मोडू नये, अशा अर्थाच्या शेवटाकडे कविता जाते, पण त्या शेवटाचे वजन विरळ घेवड्याने तोलले आहे. चौथ्या कवितेत उद्ध्वस्त वस्ती येते. तेथील माणसे कोठे गेली असे विचारल्यावर, मेली, कोणी उरले नाही, असे उत्तर मिळते. युद्धांच्या त्या दशकात असे गाव नवल नव्हते.

येथे राजीनाम्याचे चौथे कारणही डोकावते, जे कोणीच उघड बोललेले नाही. हुआन शुआनने ४०३ मध्ये सिंहासन बळकावले आणि ४०४ मध्ये तो मारला गेला. त्याचा पाडाव करणारा ल्यू यू पुढे ४२० मध्ये स्वतः सम्राट झाला. या दोघांच्याही पदरी ताओने काम केले होते. अशा काळात सरकारी नोकरी म्हणजे कोणत्या पक्षाबरोबर मरायचे याची निवड. ४१० च्या भातकापणीवरील कवितेत ताओ शेतकऱ्याच्या कष्टांचे वर्णन करून सांगतो की, हातपाय थकतात हे खरे, परंतु भलतेसलते अरिष्ट तरी येत नाही. उत्तरकालीन भाष्यकारांनी त्याला चिन घराण्याचा एकनिष्ठ सेवक ठरवले आणि नव्या राजवटीच्या निषेधार्थ तो दूर राहिला असे मानले. चिन घराणे त्याच्या राजीनाम्यानंतर पंधरा वर्षांनी संपले, एवढी एक गोष्ट या मताच्या विरोधात पुरेशी आहे.

भारतीय वाचकाच्या मनात येथे सहजच वैराग्याची कल्पना उभी राहते. काळ आणि स्थळ दोन्ही तिला अनुकूल आहेत. याच लूशानवर हुइयुआन (३३४–४१६) या बौद्ध आचार्याचा संघ होता; कुमारजीव ४०१ मध्ये छांगआनला पोचला होता; आणि ताओ घेवडा खुरपत होता तेव्हा फाहियान भारतात विहारांतून फिरत होता. परंतु ताओचे परतणे निवृत्तिमार्गात बसत नाही. संन्यासी घर सोडतो. ताओ घरात शिरतो. त्याने मद्य सोडले नाही, मुले सोडली नाहीत, पीक चांगले येईल की नाही ही चिंताही सोडली नाही. त्याने सोडला तो केवळ पगार. म्हणूनच त्याच्या निर्णयाची किंमत त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली नाही.

ही किंमत किती होती? ४०८ च्या सहाव्या महिन्यात आग लागून घर जळाले. आठ-नऊ गवती खोल्यांपैकी काही उरले नाही आणि कुटुंबाला दारापुढच्या पाण्यात नावेवर राहावे लागले. या प्रसंगावरील कवितेत बागेतली फळे पुन्हा धरू लागल्याचे आणि घाबरलेले पक्षी अजून न परतल्याचे निरीक्षण आहे, आक्रोश नाही. दुसऱ्या एका, काल अनिश्चित असलेल्या कवितेत भूक त्याला घराबाहेर ढकलते, कोठे जावे हे कळत नाही, चालत चालत तो एका वस्तीला येतो, दार ठोठावतो आणि काय मागावे ते शब्दांत सांगता येत नाही. यजमान ओळखतो आणि देतो. संध्याकाळपर्यंत गप्पा होतात, पेले फिरतात, पद्ये रचली जातात. मराठी वाचकाला माधुकरीची आठवण होईल, पण माधुकरीला धर्माचे पाठबळ असते. येथे केवळ भूक आहे आणि संकोच.

मुलांविषयीचे लेखन याहून कठोर आहे. एका विनोदी कवितेत पाचही मुलांची वये देऊन त्यांच्या आळसाची आणि मठ्ठपणाची थट्टा आहे. परंतु पन्नाशी उलटल्यावर मुलांना लिहिलेल्या पत्रात थट्टा ओसरते. आपला स्वभाव ताठर, बुद्धी अव्यवहारी, जगाशी सतत खटके उडत. म्हणून आपण जग सोडले आणि तुम्हांला लहानपणीच भुकेत आणि थंडीत लोटले, असे तो लिहितो. मुले एका आईची नव्हेत, तरीही एकत्र राहा, अशी विनवणी आहे. लाकडे आणि पाणी वाहण्याचे कष्ट तुमच्या मागे बालपणापासून लागले, ते कधी सुटतील, असे तो विचारतो. ‘परतू या’मध्ये दारात वाट पाहणारी मुले तीच ही.

चिनी टीकेत या मुद्द्यावर एक खरा वाद झाला आहे. थांग काळातील कवी वांग वेई (मृत्यू ७६१) याने एका पत्रात ताओला स्पष्ट दोष दिला : तपासनिसापुढे वाकण्याची एक लाज सहन झाली नाही, म्हणून जन्मभर दारोदार मागण्याची लाज पत्करली, हा कसला हिशेब? वांग वेई स्वतः जन्मभर सरकारी सेवेत राहिला आणि रानातल्या आपल्या वाडीत बसून उत्तम निसर्गकविता लिहीत राहिला. त्याच्या आक्षेपात स्वतःच्या जीवनक्रमाचे समर्थन लपलेले आहे. तरीही तो उडवून लावण्यासारखा नाही. सुंग काळातील सू शी (१०३७–११०१), ज्याने हद्दपारीच्या वर्षांत ताओच्या शंभराहून अधिक कवितांच्या यमकांवर आपल्या कविता रचल्या, त्याने उलट मत दिले. ताओला नोकरी करावीशी वाटली तेव्हा त्याने ती मागण्यात कमीपणा मानला नाही. सोडावीशी वाटली तेव्हा सोडण्यात मोठेपणा मानला नाही. भूक लागली तेव्हा दार ठोठावले, पोट भरले असताना पाहुण्यांना बोलावले. या खरेपणासाठी लोक त्याला मानतात, असे सू शीचे म्हणणे.

सू शी अधिक सूक्ष्म वाचक आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या उत्तराने वांग वेईचा हिशेब पुरा होत नाही, कारण वांग वेईने लाजेचा हिशेब मांडला आणि सू शीने त्याला खरेपणाचे उत्तर दिले. मुलांच्या भुकेचा हिशेब दोघांनीही मांडला नाही. तो फक्त ताओने मांडला. शिवाय परतण्यासाठी प्रथम घर आणि जमीन असावी लागते. ताओचा पणजा, परंपरेनुसार, ताओ खान हा नामवंत सेनापती. घरी नोकर होते. मुलाच्या मदतीला गडी धाडताना, हाही कोणाचा तरी मुलगा आहे, त्याला नीट वागव, असे बजावल्याची आठवण शिआओ थोंगने नोंदवली आहे. त्या गड्याला परतण्याचा पर्याय नव्हता. सहाव्या शतकाच्या आरंभी कवींची प्रतवारी लावताना चुंग रोंगने ताओला मधल्या श्रेणीत टाकले आणि त्याच वेळी एकांतवासी कवींचा आद्य पुरुष म्हटले. श्रेणी पुढील पिढ्यांनी बदलली; उपाधी तशीच राहिली, आणि तिने अधिक नुकसान केले. जो कवी शेजाऱ्यांशिवाय एक दिवस राहिला नाही, पाचव्या कवितेत कोंबडी कापून वस्तीला बोलावतो, त्याला एकांतवासी म्हणणे म्हणजे त्याच्या कविता न वाचणे होय.

४१६ च्या आठव्या महिन्यातील एक कापणीची कविता या संदर्भात फारशी चर्चिली गेलेली नाही. तिच्यात ताओ नक्षत्रांच्या अस्तावरून वर्षे मोजतो आणि शेती पत्करल्याला बारा वर्षे झाल्याचे सांगतो. येथे पाठाविषयी वाद नाही आणि बेरीजही बरोबर जुळते. दूरच्या शेतावर यंदा पीक चांगले असल्याचा निरोप आलेला आहे. भुकेल्या माणसाला पहिल्यांदा पोटभर खाण्याचा आनंद व्हावा तसे त्याला झाले आहे. तो अंधारातच उठतो आणि कोंबडा आरवण्याची वाट पाहत बसतो, कारण उजाडताच नावेने तळे ओलांडून कापणीला जायचे आहे. वाट पाहताना त्याने कमरपट्टा बांधलेला आहे. मूळ चिनीत त्यासाठी जी दोन अक्षरे आहेत तीच दोन अक्षरे शेन युएच्या इतिहासात फंगत्सेच्या कारकुनाच्या तोंडी आहेत.